गाडी नाही, ट्रेनने दोन दिवस

कार नसली की शॉर्ट ट्रिपचं प्लॅनिंग उलट्या टोकाने करायचं, म्हणजे आधी परतीची ट्रेन बघायची. रविवारी संध्याकाळी सगळं जगच घरी निघालेलं असतं, त्यामुळे ती सीट आधी पक्की करायची आणि मग बाकीचं. आणि शेवटची ट्रेन कधीच पकडायची नाही, तिच्या आधीचीच, कारण ती चुकली तर निदान एक तरी हातात उरते.

हॉटेलचं म्हणाल तर स्टेशनपासून चालत दहा-पंधरा मिनिटं. पण नकाशावरची दहा मिनिटं ही रिकाम्या हातांची असतात हं! मी एकदा चाकांची बॅग दगडी रस्त्यावरून खडखड ओढत नेली, अर्ध्या वाटेत एक चाक निखळलं आणि उरलेला रस्ता बॅग कडेवर घेऊन, तान्हं बाळ असल्यासारखी. तेव्हापासून फक्त पाठीवरची सॅक.

स्टेशनचं नावही नीट वाचा, मोठ्या शहरांत तीन-चार स्टेशनं असतात आणि एखादं पार गावाबाहेर.

चेक-इन बहुतेक ठिकाणी दुपारी दोन-तीनला, तुम्ही पोचता दहाला, मग बॅग रिसेप्शनवर टाकायची नाहीतर स्टेशनच्या क्लोकरूममध्ये. बस-मेट्रोचा डे पास घेताना तो २४ तास चालतो की रात्री बारालाच संपतो ते विचारा, संध्याकाळी घेतलात तर फरक पडतो. आणि सोमवारी जात असाल तर म्युझियमचं आधी बघा, बरीच बंद असतात.