तिरडीचा चौथा कोपरा

मी ख्रिस्ती झाले हे कळल्यावर "किती मिळाले?" हा तुमचा पहिला प्रश्न. काही मिळाले नाहीत. दर रविवारी दानपेटीत मीच टाकते. दुसरा प्रश्न जरा सभ्य: "असं काय दुःख पडलं होतं, की धर्म सोडावा?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगते.

बाबा गेले तेव्हा बांधाच्या भांडणापायी भावकीतलं एकही दार उघडलं नाही. आषाढातला पाऊस. खांद्याला दादा, डेअरीवरचा बाबांचा सोबती आणि एक रिक्षावाला. चौथी मी. मी बुटकी, त्यामुळे तिरडी माझ्याकडे कलायची. दादाने सगळ्यांना थांबवलं, पंच्याची घडी करून माझ्या खांद्यावर ठेवली. तरी उंची जुळेना. पाय चिखलात रुतत होते आणि डोक्यात एकच भीती, बाबा घसरतील. चुलत्यांच्या खिडकीत दिवा होता. आम्ही तिथून जाताना तो विझला.

वर्षभराने कामावरच्या एका बाईंनी पंडिता रमाबाईंची साक्ष, म्हणजे त्यांनी स्वतः लिहिलेली ख्रिस्ताकडे येण्याची हकीकत, वाचायला दिली. 1870च्या दशकातला दुष्काळ, आधी वडील गेले, मग आई. आईचं प्रेत न्यायला माणसं मिळेनात. शेवटी दोन ब्राह्मणांना दया आली. ते, भाऊ आणि रमाबाई. उंची कमी, म्हणून रमाबाईंनी आपल्या वाट्याचा भार डोक्यावर घेतला. तीन मैल. मी न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि रडले.

बाप्तिस्म्याच्या वेळी मी म्हणाले होते, "दुःखाने मला देवाकडे आणलं." सगळ्यांना आवडलं. मला आता ते वाक्य सहन होत नाही. दुःखाने मी नुसती कडू झाले होते. रमाबाईसुद्धा उपाशीपोटी ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्यांचा बाप्तिस्मा 1883 साली, इंग्लंडात वाँटेजला. पुढे त्यांनीच लिहून ठेवलं, की तेव्हा ख्रिस्ती धर्म गवसला होता, ख्रिस्त नव्हे. मला यातलं काय गवसलंय, ते दर आठवड्याला बदलतं.

दादा म्हणतो, "हेच एखाद्या माळकरी बाईने लिहिलं असतं तर तू माळ घातली असतीस." घातली असती, कदाचित. त्याच्यापुढे कबूल केलं नाही, इतकंच.

परवा आई शेंगा सोलता सोलता म्हणाली, "तुमच्यात वर गेल्यावर माणसं भेटतात म्हणे. मग हे भेटतील का गं तुला? ते तर माळकरी होते."

मी सुपातल्या शेंगा पुढ्यात ओढल्या आणि सोलायला लागले.