वरण

सोव्हेनिअरसाठी गोड आठवण लिहा म्हणालात, पण मला आधी आठवतो तो भर वर्गात झालेला माझा पोपट. १९९४, बारावी, आपल्या इंदूरच्या शाळेची ती लॅब, खिडकी उघडली की पोह्यांचा वास आत आणि अमोनिया बाहेर. पुस्तक हिंदी म्हणजे कॉन्सन्ट्रेशनला सांद्रता वगैरे, घरी मराठी, आणि केमिस्ट्रीचे सर दोन्हीची मिसळ करून शिकवायचे.

गणित साधं होतं. ०.१ मोलर ॲसेटिक ॲसिड २० एमएल, ब्युरेटमधे ०.१ मोलरचाच कॉस्टिक सोडा, इक्विव्हॅलन्स पॉइंटला, म्हणजे ॲसिडला पुरेल नेमका तेवढाच सोडा पडला की, पीएच किती? मला माहीत होतं की ॲसिड तिथं संपलेलं असतं, उरतं सोडियम ॲसिटेट, त्याचं हायड्रोलिसिस होतं म्हणून पीएच ७ च्या वर जातो आणि म्हणूनच इंडिकेटर म्हणून गुलाबी होणारं फिनॉल्फ्थॅलीन घ्यायचं, मिथाइल ऑरेंज नाही. ऐटीत फळ्यावर गेलो, ॲसिटेट ०.१ मोलर धरलं, ८.८७ लिहिलं आणि हात झटकले.

"का रे, घरी पाहुणे आले की आई वरणात काय घालते?"

"पाणी, सर."

"आणि मीठ वाढवलं नाही तर?"

"अळणी लागतं."

"मग ब्युरेटमधून २० एमएल सोडलंस ते काय खिशात गेलं?"

वर्ग फुटला. मीठ म्हणजे ॲसिटेट तेवढंच, २ मिलिमोल, पण पाणी आता ४० एमएल, म्हणजे ०.०५ मोलर आणि पीएच ८.७२. फरक इत्तुसा, पण मार्क गेलेच असते.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलला (पिपेट तेव्हा तोंडानं ओढायचो, आता पीथमपूरला आमच्या लॅबमधे कुणी ओढली तर मीच ओरडेन) मी सूड घेतला. फ्लास्कच्या कडा वॉश बॉटलनं धुताना विचारलं, "सर, मग हे पाणी कुणी मोजलं?" सर खूष! म्हणाले, "ॲसिडचे मोल तेच ना, मग रीडिंगला काय फरक पडणार, धू बिनधास्त. पण आत्ता फ्लास्कमधलं कॉन्सन्ट्रेशन विचारलं तर भिया, ते पण मोजावं लागेल."

तेवढ्यात माझा फिकट गुलाबी गडद झाला, थेंब जास्त पडला, रीडिंग परत. आणि बॅचच्या ग्रुपवर माझं नाव आजही वरणच आहे.