झेंडावंदनानंतरची रेस

आमच्या मंडळाचं वर्ष दोन कार्यक्रमांभोवती फिरतं: गणपती आणि २६ जानेवारी. गणपतीचं वेगळं सांगायला नको, पिंपरी-चिंचवडमध्ये तो गल्लोगल्ली बसतो. २६ जानेवारी मात्र खास आमची. झेंडावंदन, लहान मुलांची भाषणं, जिलबी, लिंबू-चमचा, आणि मग बास्केटबॉलच्या काँक्रीट कोर्टावर रिमोटच्या गाड्यांची रेस. वसाहतीत नव्याने राहायला आलेली माणसं पहिल्या वर्षी आश्चर्याने बघत उभी राहतात. दुसऱ्या वर्षी त्यांच्या घरातलं एखादं मूल हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन आमच्या टेबलाशी बसलेलं असतं.

या गाड्या म्हणजे दुकानात खोक्यात तयार मिळणारी खेळणी नव्हेत. खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराच्या, डांबरी किंवा काँक्रीटच्या सपाट जागेवर पळवायच्या, आणि सगळा सांगाडा आपल्या हाताने जोडायचा. आमच्याकडे आधी तामिया या जपानी कंपनीची टीटी-०१ आली. पुढे २०१३ मध्ये टीटी-०२ निघाली आणि हळूहळू सगळे तिच्याकडे वळले. दोन्ही नवशिक्यांसाठीच्याच. पण खोकं उघडून भाग टेबलावर मांडले की आमची वडीलधारी मंडळी खुर्च्या ओढून जवळ यायची, कारण त्यात सगळं खरं होतं. मधून जाणारा शाफ्ट, पुढे-मागे डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर), चारही चाकांना ताकद, प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म. वसाहतीतली निम्मी माणसं टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) किंवा बजाजमध्ये, उरलेली भोसरीच्या एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये. दिवसभर हेच भाग मोठ्या आकारात हाताळणारी. डिफरन्शियल म्हणजे काय ते मला शाळेत असतानाच कळलं, तेही कुणी फळ्यावर काढून दाखवल्यामुळे नाही. एका काकांनी माझ्या गाडीचं एक मागचं चाक धरून ठेवलं, मला दुसरं फिरवायला लावलं आणि म्हणाले, "आता सांग, वळणावर बाहेरचं चाक जास्त का पळतं?"

मला आठवते ती रेस क्रिस्टलच्या काळापासून. तेव्हा रिमोट २७ मेगाहर्ट्झवर चालायचे. क्रिस्टल म्हणजे रिमोटचं चॅनेल ठरवणारा छोटासा तुकडा. रिमोटमध्ये आणि गाडीत एकाच चॅनेलच्या क्रिस्टलची जोडी बसवायची. एकाच चॅनेलवरचे दोन रिमोट चालू झाले की दोन्ही गाड्या सैरावैरा सुटायच्या. म्हणून व्यासपीठाशेजारी एक फळी टांगलेली असे आणि तिच्यावर कपडे वाळत घालायचे रंगीत चिमटे: तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. ज्याच्या शर्टाला त्या रंगाचा चिमटा, त्यानेच त्या चॅनेलचा रिमोट चालू करायचा. रंग सहा, म्हणून एका हीटमध्ये, म्हणजे एका वेळी सुटणाऱ्या गटात, गाड्या सहा. पुढे २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट आले, चॅनेलची भानगडच संपली, पण आमची हीट आजही सहा गाड्यांचीच आहे. मला ते फार आवडतं. सहा गाड्या एकाच वेळी डोळ्यांत मावतात.

सुरुवातीला कुणी कोणतीही मोटर लावायचं. ज्याचा मामा सिंगापूरला किंवा दुबईला, त्याची गाडी सरळ पट्ट्यात सगळ्यांच्या पुढे. वळण आलं की तीच गाडी थेट कठड्यावर. प्लॅस्टिकचे गिअर झिजायचे, मुलं रडवेली व्हायची आणि पुढच्या वर्षी आणखी तेज मोटर आणायची. मग एका डिसेंबरच्या बैठकीत ठराव झाला: मोटर खोक्यात आली तीच, साधी ५४० मापाची, ब्रशवाली. बाकी बेअरिंग, शॉकअप, टायर, जे बदलायचं ते बदला. मंडळाने आजवर घेतलेल्या निर्णयांत हा सर्वांत शहाणपणाचा, असं मी मनापासून मानते. मोटर सगळ्यांची सारखी झाली आणि त्या दिवसापासून गाडी कशी बांधलीय याला किंमत आली.

त्यातलं पहिलं काम बेअरिंगचं. या गाडीत फिरणाऱ्या प्रत्येक दांड्याखाली कारखाना साधे बुश, म्हणजे आत गोळ्या नसलेल्या कड्या, देतो. त्यात घर्षण फार, धूळ गेली की ते घासून मोठे होतात आणि चाक हलायला लागतं. त्यांच्या जागी बॉल बेअरिंग घातले की तीच मोटर, तीच बॅटरी, पण गाडी हलकी पळते आणि मोटर कमी तापते. आमच्या वसाहतीत एक काका चिंचवडच्या बेअरिंगच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मुलं त्यांना बेअरिंगकाकाच म्हणायची. पाच मिलिमीटरचं भोक, अकराचा बाहेरचा व्यास, चारची जाडी: खेळण्यांच्या दुकानात याला अकरा-पन्नास म्हणतात, काका म्हणायचे एमआर ११५. त्यांनी आम्हाला सांगितलं की हे बेअरिंग फक्त गाड्यांचं नाही, बाजारात त्याच मापाचं सरळ मिळतं. तेव्हापासून परदेशातून पाकीट मागवायची गरज संपली.

काकांची बेअरिंग तपासायची पद्धत अजून माझ्या हातात आहे. जुनं बेअरिंग पेट्रोलमध्ये खळबळून धुवायचं, फडक्यावर ठेवून वाळू द्यायचं, पेन्सिलीच्या टोकावर अडकवायचं आणि बाहेरची कडा बोटाने टिचकी मारून फिरवायची. मग पेन्सिल कानाशी न्यायची. "कान लाव गं. सळसळ आली तर ठीक. कर्र आलं तर आत खडा आहे, परत धू." चांगलं निघालं की पातळ तेलाचा एकच थेंब. जास्त घातलं की ते धूळ ओढून घेतं. लोखंडी झाकणाचं घ्यायचं की रबरी, यावरही त्यांचं मत ठाम होतं. लोखंडी जास्त मोकळं फिरतं हे खरं, पण आमच्या कोर्टावर जानेवारीत जी धूळ उडते ती बघता रबरी झाकणच टिकतं. मी आज एका पुरवठादार कंपनीच्या गुणवत्ता विभागात काम करते. तिथे बेअरिंगचा आवाज मोजायला यंत्र आहे. त्याच्यासमोर उभी राहिले की मला काकांची पेन्सिल आठवते.

शॉकअपची गोष्ट वेगळी आणि मजेची. साध्या किटमध्ये शॉकअप म्हणजे नळी, दांडी आणि स्प्रिंग. आत तेल नाही. काँक्रीटच्या जोडावरून गेली की गाडी उड्या मारते. म्हणून दुसरा खर्च तेलाच्या शॉकअपचा. त्यात सिलिकॉनचं तेल भरायचं असतं: नळी उभी धरायची, काठोकाठ भरायची, पिस्टन हळूहळू वर-खाली करून बुडबुडे वर येऊ द्यायचे आणि मगच झाकण आवळायचं. हवा आत राहिली तर शॉकअप अर्ध्या वाटेत पोकळ लागतो. एका वर्षी तेल संपलं आणि एका मुलाने घरून खोबरेल आणून भरलं. जानेवारीतली चिंचवडची सकाळ. पहिल्या हीटपर्यंत खोबरेल थिजलं होतं. चारही चाकं ताठ, गाडी बैलगाडीसारखी खडखडत सुटली आणि दुसऱ्याच वळणावर उलटली. दुपारी ऊन वर आलं, तेल वितळलं आणि तीच गाडी अंतिम फेरीत झकास पळाली. तेलाचा दाटपणा तापमानाबरोबर बदलतो, हे त्या दिवशी कोर्टावर जमलेल्या पन्नास-साठ मुलांनी डोळ्यांनी पाहिलं. आणखी एकाने वर्कशॉपमधलं इंजिन ऑइल वापरलं होतं. त्याच्या शॉकअपमधल्या सिलिकॉनच्या रिंगा फुगून बसल्या, दांडी हलेचना. काकांनी दोन्ही शॉकअप मंडळाच्या काचेच्या कपाटात ठेवायला लावले, ढालींच्या शेजारी. अजून तिथेच आहेत.

टायरबद्दल मात्र माझं मत सगळ्यांहून थोडं कडक आहे. पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर ते टायरवर घालावेत. किटमधले टायर कडक, धुळीवर साबणासारखे घसरतात. मऊ रबराचे घेतले, आत नीट बसणारा स्पंज घातला आणि रिमच्या कडेला फेविक्विकची बारीक रेघ देऊन चिकटवले, तर गाडी वळणात जिथे न्यायची तिथे जाते. कोर्टही तयार करावं लागतं. आदल्या संध्याकाळी सगळी वसाहत खराट्याने कोर्ट झाडते, मग पाइपने धुते. फक्कीने रेघा मारतात, वळणांच्या कडेला बागेचा जुना पाइप टाकतात. आणि सकाळी साखरेचं पाणी फवारतात. ते वाळलं की जमीन किंचित चिकट होते, टायर धरतात. मुंग्या येतात, हे खरं. पण झेंडावंदन आठ वाजता आणि रेस दहाला, तेवढ्यात मुंग्यांनाही फार वेळ मिळत नाही. उन्हाने काँक्रीट तापलं की पकड आणखी वाढते. सकाळच्या हीटमध्ये गाड्या घसरतात, दुपारच्या हीटमध्ये त्याच गाड्या वळणात उलटतात. ज्याला हा बदल आधी ओळखता येतो त्याचा नंबर येतो. जाणती मुलं जेवणाच्या सुट्टीत पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडेवर फेविक्विकचा पातळ थर देतात. कड कडक झाली की टायर तिथे चावा घेत नाही आणि गाडी चाकांवर राहते.

रेस पाच मिनिटांची. पाच मिनिटांत जो जास्त फेऱ्या मारेल तो पुढे. मोठ्या स्पर्धांत गाडीत ट्रान्सपाँडर असतो, फेरी आपोआप नोंदली जाते. आमच्याकडे प्रत्येक गाडीला एक मोजणारी व्यक्ती, हातात वही, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. हे काम वसाहतीतल्या आज्या करतात. त्यांच्या आकड्यावर कुणी आक्षेप घेतलेला मी पाहिला नाही. गाड्या चालवणारे व्यासपीठावर ओळीने उभे. ज्या व्यासपीठावर भाद्रपदात गणपतीची आरास असते तेच. खाली कोर्टावर मार्शल, म्हणजे आधीच्या हीटचे स्पर्धक. आपली हीट संपली की रिमोट खाली ठेवून पुढच्यांच्या उलटलेल्या गाड्या सरळ करायला उभं राहायचं. जिंकलेल्यानेही आणि हरलेल्यानेही. जो उभा राहणार नाही त्याची एक फेरी कापायची.

व्यासपीठावर पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या मुलाची एक अडचण ठरलेली. गाडी लांब जाते तोवर त्याचं डावं ते गाडीचं डावं. ती वळून त्याच्याकडे यायला लागली की सगळं उलटं. चाक डावीकडे फिरवलं की गाडी त्याच्या उजव्या हाताला जाते. मोठी माणसंही इथे गडबडतात. यावर बेअरिंगकाकूंनी एक युक्ती शोधली. काकू स्वतः कधी चालवायच्या नाहीत, पण नव्या मुलाच्या मागे उभ्या राहून म्हणायच्या, "तू इथं नाहीस रे, तू आत बसलायस. काचेतून बघ." दोन-तीन फेऱ्यांत मूल सावरायचं. आज मी हेच वाक्य, अगदी काकूंच्या सुरात, मुलांना सांगते.

जेवणाच्या सुट्टीत मिसळ. आणि मिसळीबरोबर गप्पा, ज्यांत दरवर्षी तामियांची गोष्ट निघणारच. जपानमध्ये शिझुओकाच्या या कंपनीने १९७६ मध्ये आपली पहिली रिमोटची गाडी काढली, पोर्शे ९३४, एक बारांश आकाराची. मॉडेल हुबेहूब व्हावं म्हणून शुनसाकु तामियांनी खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि तिचा भाग न् भाग सुटा करून अभ्यासला. ही गोष्ट सांगताना टेल्कोतल्या एका काकांचा आवाज चढायचा. खरी गाडी, शिकण्यासाठी उघडली! त्यांना याहून मोठं कौतुक माहीत नव्हतं.

बक्षिसं दोन. पहिल्या नंबराला ढाल, आणि सगळ्यात नीट बांधलेल्या गाडीला स्टीलचा मोठा डबा. या दुसऱ्या बक्षिसासाठी सगळ्या गाड्यांची बॉडी काढून ठेवतात. वायरी बांधल्यात का, स्क्रू सगळे आहेत का, चाकाला प्ले (ढिलेपणा) किती, डिफरन्शियलमध्ये दाट ग्रीस भरलंय की नाही, बॉडीचा रंग आतून दिलाय का. पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या बॉडीला रंग आतूनच द्यायचा, म्हणजे बाहेर ओरखडे आले तरी रंग जात नाही. डबा मिळालेलं मूल ढाल मिळालेल्यापेक्षा जास्त मिरवतं, आणि ते योग्यच आहे.

बॅटऱ्याही बदलल्या. पूर्वी सहा सेलचा ७.२ व्होल्टचा पॅक असायचा, तो चार्ज करून ठेवून देता यायचा. आता बरेच जण लिथियम पॉलिमर आणतात. त्या ताकदवान, पण बिघडल्या तर पेट घेऊ शकतात. म्हणून चार्जिंगचं टेबल मांडवाच्या कापडापासून लांब, शेजारी वाळूची बादली, प्रत्येक बॅटरी मातीच्या कुंडीत, आणि एक मोठा माणूस तिथून हलायचा नाही. या वर्षी तो माणूस मी.

यंदा आणखी एक गोष्ट झालीय. दिवाळीनंतर सोसायटीने कोर्टाला हिरवा रंग दिला. त्यावर टायर धरेल की घसरेल, यावरून आत्ताच दोन तट पडलेत. माझा अंदाज, ऊन चढलं की चांगलाच धरेल आणि उंच गाड्या उलटतील. मुलांना मी सांगितलंय, शॉकअप उघडा, पिस्टनखाली एकेक चकती जास्त घाला आणि गाडी दोन मिलिमीटर खाली बसवा. रविवारी सकाळी नऊला सराव आहे. ज्यांच्याकडे चकत्या नाहीत त्यांच्यासाठी माझ्या डब्यात पुरेशा आहेत.