बेकायदेशीर मांडवी

जर्मनीतल्या उल्ममध्ये राहायला लागून सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत मी रविवारी भिंतीला ड्रिल लावलेलं नाही, रस्त्यावर चिटपाखरू नसतानाही लाल सिग्नलला थांबले आहे आणि काचेची बाटली चुकीच्या डब्यात फक्त एकदा टाकली आहे (शेजारीणबाईंनी ती परत आणून दिली). कायदा अंगवळणी पडला असं वाटत होतं. मग ऑक्टोबरात एका चर्चच्या हॉलमध्ये, माझ्या दोन वर्षांच्या मेहनतीकडे बोट दाखवून पासष्टीचे एक गृहस्थ शांतपणे म्हणाले, "हे इल्लेगाल आहे."

मेहनत म्हणजे आपली बडोद्याची मांडवी, जुन्या शहराच्या मधोमधला तो कमानींचा मंडप. लेगोची.

हो, चाळिशीला टेकलेली बाई लेगो खेळते. दादाचे सगळे विनोद करून झालेत, तुम्ही नव्याने सुरू करू नका. आमचा क्लब महिन्यातून एकदा भरतो. बाकीचे लोक रेल्वे स्टेशनं, किल्ले, नाहीतर उल्मचं उंच चर्च बांधतात. मी ठरवलं की आपण मांडवी बांधायची. चौकोनी, चारी बाजूंना तीन-तीन कमानी, चार दिशांना चार दरवाजांकडे जाणारे रस्ते. लहेरीपुरा आणि पाणीगेटचे रस्ते थोडे लांबवलेसुद्धा, कारण देवउठी एकादशीला विठ्ठलनाथांचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, कुठून तरी यायला हवी ना.

मापं बाबांनी पाठवली. दांडिया बाजारातून पहाटे साडेपाचला चालत जायचं आणि कमानीखाली पावलं मोजायची. तीनदा रिक्षामुळे मोजणी हुकली, चौथ्यांदा एका चहावाल्याने विचारलं, "काका, कोर्पोरेशनमधून आलात का?" बाबांनी हो म्हणून टाकलं.

तर इल्लेगाल, म्हणजे बेकायदेशीर. दरोडा घातल्यासारखा तो शब्द ऐकून मला आधी हसू आलं आणि मग भयंकर राग आला. माझा गुन्हा असा होता की कमानीची नक्षी उठून दिसावी म्हणून मी प्लेट, म्हणजे लेगोची चपटी पट्टी, उभी करून दोन स्टडांच्या, म्हणजे तुकड्यावरच्या गोल टिकल्यांच्या, मधल्या फटीत खोचली होती. कागदावर ते चोख बसतं. स्टड ते स्टड अंतर ८ मिमी, स्टडचा व्यास ४.८, म्हणजे फट उरली ३.२. आणि प्लेटची जाडी? ३.२! मला तर हा देवानेच ठेवलेला योगायोग वाटला होता.

गृहस्थांनी टॅब्लेट काढला. लेगोचे डिझायनर जेमी बेरार्ड यांनी २००६ मध्ये हौशी लोकांच्या एका मेळाव्यात एक सादरीकरण केलं होतं. कुठली जोडणी चालते, कुठली चालत नाही आणि का, असं चित्रांसकट. त्यात माझी खोचाखोची होती. कंपनीचे लोक स्वतःच्या सेटमध्ये असलं काही करत नाहीत. तुकड्यावर ताण राहतो. लेगोचं एबीएस प्लॅस्टिक आज तडकत नाही, पण महिनोन्‌महिने ताणात राहिलं तर तडकतं.

आता मला सांगा, खेळणं आहे ना हे? माझे तुकडे, माझे पैसे, माझं टेबल. पण या देशात एक गोष्ट आहे. तुमची चूक दाखवताना समोरच्याच्या आवाजात राग नसतो, कुचेष्टा नसते, ते फक्त माहिती देतात. आपल्याकडे निदान आवाज चढतो, मग आपणही चढवतो, शेवटी चहा होतो. इथे भांडायला दुसरी बाजूच मिळत नाही. ट्राममध्ये घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात बडोद्याच्या बाजूने अर्धा तास भाषण केलं. आम्ही सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून रबरबँड केले. आम्ही मेकॅनोचे हरवलेले नट छत्रीच्या काडीने भागवले. दिवाळीत वाड्याच्या अंगणात विटा, पोती आणि मातीचा किल्ला केला तेव्हा कुणी मिलिमीटर विचारले नव्हते, आणि तो किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत टिकायचा. (एके वर्षी दुसऱ्याच दिवशी मांजर बसून तटबंदी गेली, पण ते वेगळं.)

रात्री बाबांना फोन लावला. बाबा मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, तीस वर्षं टूलरूममध्ये होते. वाटलं, हा माणूस तरी म्हणेल की जर्मनांना काही कळत नाही.

बाबा म्हणाले, "थांब." कपाट उघडल्याचा आवाज आला. मागच्या खेपेला भाच्यासाठी आणलेले तुकडे आणि त्यांचा व्हर्निअर कॅलिपर. पाच मिनिटांनी फोनवर परत. "तुझ्या त्या टिकल्यांमधली फट पॉइंट एकने कमी आहे गं. प्रेस फिट झालं हे, दाबून बसवलेलं. बेअरिंग बसवताना करतो आपण, पण ते लोखंड. ताण राहणारच. बरोबर बोलतो तुझा माणूस."

मी म्हटलं, "बाबा, खेळणं आहे ते."

"मग? खेळणं बिनमापाचं असतं का?"

पुढे त्यांना ती बदकांची गोष्टही आठवली, जी मीच कधीतरी सांगितली होती. लेगोचे संस्थापक, डेन्मार्कातल्या बिलुंडचे सुतार ओले कर्क क्रिस्तियानसेन लाकडी खेळणी करायचे तेव्हाची. मुलाने, गॉडफ्रेडने, बदकांना वॉर्निशचे तीनऐवजी दोनच हात देऊन पैसे वाचवले आणि मोठ्या अभिमानाने ते सांगितलं. बापाने त्याला रेल्वे स्टेशनवर परत पाठवून माल सोडवून आणायला लावला आणि तिसरा हात द्यायला लावला. "असाच पाहिजे," बाबा म्हणाले. आमच्या घरात हे वाक्य कौतुकाचं आहे की धमकीचं, हे अजून कळलेलं नाही.

पुढच्या महिन्यात तेच गृहस्थ टेबलापाशी आले आणि एक झिपची पिशवी ठेवून गेले. आत चौसष्ट हेडलाइट ब्रिक, सगळ्या टॅन, म्हणजे फिकट तपकिरी रंगाच्या, आणि चिठ्ठीवर आकडा. हेडलाइट ब्रिक म्हणजे एक स्टडचा छोटा ठोकळा. त्याच्या एका बाजूला पोटात आत घेतलेला स्टड असतो, त्यामुळे बांधकाम आडवं फिरवता येतं. डॅनिश डिझायनर एर्लिंग डिडेरिक्सन यांच्या नावावरून जुनी मंडळी त्याला एर्लिंग म्हणतात. पैसे घेतले नाहीत. मी लिलो चेवडो, आपला बडोद्याचा ओला चिवडा, दिला, त्यांनी पाकिटामागचं सगळं वाचलं आणि मगच घेतला.

मग मी कमानी पुन्हा बांधल्या, कायद्याने. गंमत सांगते, कायद्याच्या आतही पुष्कळ मोकळीक आहे. तीन प्लेटांची एक वीट होते, हे कुठलंही पोर सांगेल. पण पाच प्लेटांची थप्पी १६ मिमी भरते, म्हणजे बरोब्बर दोन स्टडांची रुंदी. म्हणजे पाच प्लेटा रचा, आडव्या करा, त्या दोन स्टडांच्या जागेत काही न खोचता बसतात. कमानीचा आतला गोलावा मी असा आडव्या बांधकामातून काढला, वक्र उतारांचे तुकडे खाली तोंड करून. अर्धा स्टड सरकवायला जंपर प्लेट, मधोमध एकच स्टड असलेली. मान्य करते, आधीपेक्षा रेघ सरळ आली. तरीही जुनी कमान जास्त जिवंत दिसत होती, हे माझं मत आहे आणि ते बदलणार नाही.

यासाठी लागणारं टॅन कुठून आणायचं? नोव्हेंबरच्या शेवटी कंपनीच्या दुकानात दुप्पट पॉइंट आणि अमुक रकमेवर एखादा छोटा सेट फुकट. त्या फुकटच्या सेटसाठी न लागणारे तुकडे घेणाऱ्यांत मी होते, बाबांना सांगू नका. खरी कला भिंतीपाशी असते. सुट्या तुकड्यांनी भरलेली भिंत, एक कप घ्यायचा, कितीही भरा, किंमत तीच. लोक पेल्यात चणे ओततात तसे ओततात आणि निम्मी हवा विकत घेतात. मी आधी विटा एकमेकींत लावून कपाच्या मापाच्या थप्प्या करते, कडेच्या फटीत बारीक तुकडे सोडते आणि झाकणावरच्या पोकळ स्टडमध्येसुद्धा भरते. मागे उभ्या जर्मन बाईने विचारलं की हे चालतं का. बडोद्याच्या मंगळ बाजारात वाढलेल्या मुलीला हा प्रश्न!

फ्ली मार्केटमध्ये मात्र फसले. एका नऊ वर्षांच्या मुलाकडून राखाडी तुकडे किलोने घेतले, त्याने एक सेंट कमी केला नाही, आणि घरी आल्यावर दिसलं की निम्मा राखाडी जुना, निम्मा नवा. २००४ च्या सुमारास कंपनीने राखाडीत निळसर झाक आणली. दोन्ही शेजारी ठेवले की अर्धीच भिंत रंगवल्यासारखं दिसतं. रस्ते त्याचेच केले. बडोद्याचे रस्ते आहेत, ठिगळं शोभतात.

डिसेंबरात बडोद्याला घरी आले तेव्हा बॅगेच्या तेवीस किलोंपैकी सहा लेगो होतं. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये वीसवरून साठ टक्के झालं, २०२३ मध्ये सत्तर. भाच्याला हवा तो सेट बॅगेतून आणणं म्हणूनच परवडतं. मला पटतंही ते शुल्क, देशी कारखाने उभे राहायला हवेत. पण भाचा नऊ वर्षांचा आहे, तोवर थांबणार नाही.

परवा बाबांबरोबर मांडवीला गेले. खऱ्या खांबांचे पोपडे निघालेत, आधाराला लोखंडी टेकू आहेत. बाबांनी एका टेकूवर हात ठेवला आणि काही बोलले नाहीत. मीही नाही.

घरी येऊन भाच्याला दाखवायला जुन्या कमानीचा एक तुकडा बाहेर काढला, खोचलेला, आठवण म्हणून हातसामानात आणलेला. त्याने तो सोडवायला थेट दातच लावले. "अरे, दात नाही, दात नाही!" म्हणत मी तुकडे सोडवायचा नारिंगी सेपरेटर शोधत होते.

प्लेट निघाली. मधोमध, स्टडांनी धरलं होतं तिथे, केसाएवढी पांढरी रेघ.

"आत्या, हे काय?"

"काही नाही," म्हणाले आणि ती पर्समध्ये टाकली. बाबा पलीकडे पेपर वाचत होते.

क्लबची पुढची बैठक जानेवारीत आहे. मी हे तिथे सांगणार नाहीये.