पॉम्प चालतं, पॉम्पस नाही

मागे एका ओळखीच्यांच्या समारंभाला जाऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी शायनिंग मारत इंग्रजीत मेसेज टाकला की कालचा सोहळा फार पॉम्पस झाला. मला म्हणायचं होतं, थाटात झाला. उत्तर आलं नुसतं 'ओके'. मग डिक्शनरी उघडली तेव्हा कळलं की मी त्यांना चक्क तोंडावर सांगून बसलोय, नुसता बडेजाव होता तुमचा.

पण पॉम्प हा शब्द स्वतः तसा वाईट नाही हो. राज्याभिषेक म्हणा, लष्करी संचलन म्हणा, विथ ग्रेट पॉम्प म्हणजे मोठ्या थाटामाटात. त्याचा पॉम्पस झाला की मात्र घोळ. पॉम्पस माणूस म्हणजे स्वतःला फार कोणीतरी समजणारा आणि पॉम्पस भाषण म्हणजे आपलं शब्दबंबाळ. पूर्वी इंग्रजीत पॉम्पसचा अर्थ भव्य असाही व्हायचा, म्हणजे माझा मेसेज काही शतकं उशिरा गेला एवढंच :)

मूळ शब्द ग्रीक, पोम्पे. पाठवणे या क्रियापदावरून आलेला, म्हणजे आधी पाठवणी, मग सोबत निघालेली माणसं आणि मग मिरवणूक. मेलेल्यांच्या आत्म्यांना पलीकडे पोचवणाऱ्या हर्मीस देवाला सायकोपॉम्प म्हणतात तोही ह्याच घरातला. म्हणून मला पॉम्पला सगळ्यात जवळचा मराठी शब्द लवाजमा वाटतो, त्यात माणसं चालताना दिसतात, थाटात ती दिसत नाहीत.

पॉम्प अँड सर्कमस्टन्स ही जोडी तर ऐकलीच असेल. तिथे सर्कमस्टन्स म्हणजे परिस्थिती नाही बरं का, समारंभाचा सगळा सरंजाम. शेक्सपिअरचा ऑथेल्लो हे बोलतो ते युद्धाच्या वैभवाचा निरोप घेताना, मन मोडल्यावर. इंग्रज संगीतकार एल्गारने तेच शब्द आपल्या मार्चेसना, म्हणजे संचलनाच्या धाटणीच्या रचनांना, नाव म्हणून दिले, पहिला १९०१ चा, आणि १९०५ मध्ये येल विद्यापीठात तो वाजला तेव्हापासून अमेरिकेत पदवीदानाला तीच धून. पोरं आनंदात टोप्या उडवतात आणि शब्द कुणाचे, तर सगळं संपलं म्हणणाऱ्या माणसाचे.

आपल्याकडे कौतुक असेल तर थाट, नाक मुरडायचं असेल तर भपका, शब्द आधीच वेगळे. इंग्रजीत पॉम्प एकच, बोलणाऱ्याचा सूर बघायचा. आणि मेसेजमध्ये सूर कुठला दिसायला, त्या 'ओके'तला मला अजून कळलेला नाही.