मनाच्या गोळ्या आणि कोरडं तोंड

डिप्रेशनची गोळी सुरू झाली की काहींची जीभ टाळूला चिकटायला लागते, पोळीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही. अ‍ॅमिट्रिप्टिलीनसारख्या जुन्या गोळ्यांनी हे जास्त होतं, एस्सिटॅलोप्रॅम किंवा सर्ट्रालिनने कमी. स्किझोफ्रेनियावरच्या क्लोझापिनचं उलटंच, त्यात रात्री उशी भिजेपर्यंत लाळ गळते.

लाळ दिवसाला अर्धा ते दीड लिटर सुटते. ती तोंडातलं आम्ल मारते आणि दातातून झिरपलेलं कॅल्शियम परत भरून काढते. तोंडाचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं कवच विरघळू लागतं. झोपेत तर लाळ जवळजवळ थांबतेच, म्हणून रात्रीचं घासणं चुकवायचं नाही.

आता सदाशिव पेठेतली अभ्यासिका डोळ्यांसमोर आणा. गोळी चालू असलेल्याचा घसा सुकला की खाली उतरून अमृततुल्य, वर आलं की लिमलेटची गोळी, बाटलीत लिंबूसरबत. एरवी लाळेने निभावून नेलं असतं. कोरड्या तोंडात साखर आणि आम्ल तासन्‌तास बसून राहतं. मग कीड दाढेच्या खाचेत लागण्याऐवजी हिरडीलगत लागते, पुढच्या दातांनासुद्धा. आरशात ओठ वर करून पाहिलं तर हिरडीच्या कडेने तपकिरी पट्टा दिसतो. तिथे कवच पातळ असतं, त्यामुळे भोक पडायला वेळ लागत नाही.

साधं पाणी घोट-घोट प्या. जेवणानंतर झायलिटॉलचं (दात न किडवणाऱ्या गोडीचं) बिनसाखरेचं च्युइंगगम चघळा. अल्कोहोलचं माउथवॉश तोंड आणखी सुकवतं. पेस्टच्या डब्यावर फ्लोराइड १००० पीपीएमच्या आसपास आहे का ते वाचा. 'आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पेस्टमध्ये ते नसतंच. वाटाण्याएवढी पेस्ट घ्या, घासून झाल्यावर नुसतं थुंका. खळखळून चूळ भरायची आपली सवय इथे नडते, फ्लोराइड वाहून जातं.

अंथरुणातून उठवतच नाही अशा दिवशी पेस्टशिवाय कोरडा ब्रश पडल्या पडल्या फिरवला तरी चालेल. त्या माणसाला 'आळशी' म्हणणाऱ्या नातेवाइकांनी तेवढा ब्रश हातात आणून द्यावा.

गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. डोस किंवा गोळी बदलायची का, ते सायकियाट्रिस्ट ठरवतील.

दाताच्या डॉक्टरांकडे केसपेपरवर 'बीपी, शुगर?' विचारतात, मनाच्या गोळ्यांचं आपण होऊन कुणी सांगत नाही. बायपोलरसाठी देतात ते लिथियम चालू असेल तर हे लपवणं महागात पडतं. रूट कॅनालनंतर सर्रास मिळणाऱ्या आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकमुळे रक्तातलं लिथियम वाढतं. हात थरथरतात, जुलाब होतात, तोल जातो. सर्ट्रालिनसारख्या गोळ्यांबरोबर हीच पेनकिलर घेतली तर रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि खुर्चीत बसायच्या आधीच दाखवा. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालेल का, तेही तिथेच विचारून घ्या.