निर्णयाच्या दिवशीच लिहून ठेवावे असे काही

मार्च जवळ आला की आमच्या आयटी क्षेत्रात सेल्फ-अप्रेझलचे फॉर्म भरण्याची घाई सुरू होते. वर्षभरात काय साधले, कुठे कमी पडलो, पुढे काय शिकायचे, असे प्रश्न त्यात असतात आणि ते चांगलेही असतात. परंतु उत्तरे पगारवाढ ठरवणाऱ्या माणसासाठी लिहिलेली असतात आणि मुख्य म्हणजे सर्व निकाल हाती आल्यावर लिहिलेली असतात, त्यामुळे त्यांतून स्वतःविषयी नवे असे फारसे कळत नाही. आत्मपरीक्षण मनापासून करायचे असेल, तर त्याची पहिली नोंद निर्णयाच्या दिवशीच व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

याबाबतीत आपल्या आठवणीवर विसंबता येत नाही. १९७२ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यांवर जाण्यापूर्वी, बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी इस्रायलमधील विद्यार्थ्यांना, त्या भेटींतून काय घडण्याची किती शक्यता वाटते, हे आकड्यांत लिहायला सांगितले. दौरे आटोपल्यावर त्यांनाच आपले जुने आकडे आठवायला सांगितले, तेव्हा जे घडले असे त्यांना वाटत होते, त्याची शक्यता आपण आधीच अधिक धरली होती, अशीच त्यांची सर्वसाधारण आठवण निघाली. कोणी मुद्दाम खोटे बोलत नव्हते. हा अभ्यास १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला.

व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर महत्त्वाचा निर्णय घेताना त्यातून काय अपेक्षित आहे ते लिहून ठेवत आणि ९ ते १२ महिन्यांनी प्रत्यक्ष निकालाशी ताडून पाहत. इंजिनिअर, हिशेबनीस यांसारख्या तांत्रिक माणसांची आपल्याला उपजत समज आहे, हे त्यांना या नोंदींमुळेच उमगले आणि त्याचे त्यांना स्वतःलाच मोठे आश्चर्य वाटले.

टीम लीडची जबाबदारी स्वीकारताना मीही वहीत तारीख घालून लिहिले होते : ‘डिझाइनचे निर्णय माझ्या हाती येतील, त्यातच सर्वांत जास्त समाधान मिळेल. क्लायंटशी बोलणे जड जाईल. खात्री ७० टक्के.’ वर्षभराने ते पान उघडले, तोवर क्लायंटबरोबरच्या बैठकांची मी वाट पाहू लागले होते, कारण ईमेलमध्ये आठवडाभर अडलेली गोष्ट तिथे बोलता बोलता सुटत होती. डिझाइनचे काम मात्र टीममधली तरुण मुले माझ्याहून बारकाईने करत होती आणि ते त्यांच्याकडे सोपवताना मला काही गमावल्यासारखे वाटले नव्हते. ही नोंद नसती, तर माणसांशी बोलणे मला पहिल्यापासूनच आवडायचे, असे मी आज छातीठोकपणे सांगितले असते.

अपेक्षेखाली तिचे कारण लिहिणे मला त्याहूनही मोलाचे वाटते. समजा, एखादा प्रोजेक्ट वेळेत पूर्ण झाला, पण तो क्लायंटने स्वतःच निम्मी फीचर्स पुढे ढकलली म्हणून झाला. निकाल पाहिला तर आपला अंदाज अचूक होता असेच वाटेल, आणि त्याच भरवशावर आपण पुढच्या, मोठ्या प्रोजेक्टची तारीख कबूल करून बसू. कारण लिहिलेले असेल तर ते प्रत्यक्षात लागू पडले की नाही, हे लगेच दिसते. भराभर वर जाणाऱ्या माणसाला याची अधिक गरज आहे, कारण बढती मिळत राहिली की ती नेमकी कशामुळे मिळाली, हे विचारायचे राहून जाते.

सध्या सॉफ्टवेअरची रचना ठरवणाऱ्या आर्किटेक्टची वाट धरायची की क्लायंटचे काम वेळेत पूर्ण करून देण्याची जबाबदारी असलेला डिलिव्हरी मॅनेजर व्हायचे, हा प्रश्न माझ्यासमोर आहे. मन डिलिव्हरीकडे झुकते आहे; पण त्याचे कारण लिहायला घेतले तेव्हा पहिल्या ओळीत कामाऐवजी पदच आले, म्हणून होकार कळवण्याआधी ते पान मी पुन्हा लिहिणार आहे.